किस्सा संपेपर्यंत हात काढायचा नाही

किस्से म्हणे रिकामटेकड्यांकडे जमतात. पानठेल्यावर, ओट्यावर, लग्नाच्या मांडवात. आमच्याकडे जमले ते कामाच्या ऐन घाईत, माणसाच्या पोटात हात घालून उभं असताना! नाक मुरडू नका. आधी पूर्ण ऐका.

बुऱ्हाणपुरातल्या एका खासगी दवाखान्याच्या ऑपरेशन थिएटरात मी चाळीसच्या वर वर्षं काढली. चांदनीहून पॅसेंजरने यायची आणि फरशी पुसायची. शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. टाक्याच्या धाग्याच्या पाकिटांवरून आधी इंग्रजी अक्षरं शिकले. मराठी नंतर, मुलीच्या पाटीवरून. फरशी पुसण्यावरून औजारं धुण्यावर आणि धुण्यावरून औजारं हातात देण्यावर मी माझी मीच चढले. कुणी बोट धरलं नाही, दोघातिघांनी पाय मात्र ओढला. आज सगळे मला मावशी म्हणतात. ज्याला म्हणायचं नसेल त्याने माझ्या थिएटरात पाय ठेवू नये.

आता मुद्द्याचं. शौचाच्या जागेचा कॅन्सर झाला की आतड्याचा शेवटचा तुकडा काढावा लागतो. (नातेवाईक बाहेर सांगतात, "पोटाचं ऑपरेशन आहे." जसं काही पोट वर आणि हे खाली म्हणून अब्रू कमी होते!) त्या तुकड्याच्या मागे, माकडहाडाच्या वर, एक सपाट हाड आहे. त्यावर निळ्या नसांचं जाळं चिकटलेलं असतं. आतडं उचलताना त्यातली एक फाटली की झालं! धमनी फुटली तर पिचकारी उडते, दिसते, पकडता येते. ही नस उडत नाही. तापीच्या वाळूत झिरा खणला की पाणी गुपचूप वर येतं ना, तसं रक्त भरतं. चिमट्यात धरावी तर सुटते, टाका घालावा तर टाक्याचंच नवं भोक. पहिला उपाय एकच. कापडाची घडी ठेवून दाबायचं आणि पंधरा मिनिटं हलायचं नाही.

हे प्रत्येक सर्जनला माहीत असतं. पुस्तकात लिहिलेलं आहे. पण पंधरा मिनिटं काहीही न करता उभा राहील असा पुरुष मी अजून पाहिला नाही!

म्हणून हे किस्से. आणि आज लिहायला बसले त्याचं कारण असं, की मागल्या वर्षी तोच रोग मला झाला. टेबलावर मी! मरणाची भीती नव्हती. भीती ही, की मला झोपवल्यावर डॉक्टरांचा हात धरून कोण ठेवणार?

* * *

सुरुवात मोठ्या डॉक्टरांपासून झाली. दवाखाना त्यांनी उभारला. त्यांच्या मनगटावर तेव्हा स्टीलचं घड्याळ असे, ऑपरेशनपुरतं काढून ठेवत. पुढे एके दिवशी त्यांनी ते कायमचं सोडलं. का, ते मला ठाऊक आहे. त्यांच्या मुलालाही नाही.

तर एका रिटायर मास्तरांचं ऑपरेशन. नस फाटली. साहेबांनी दाबून धरलं. मिनिट झालं नसेल, बोटं चुळबुळायला लागली. "थांबलं असेल," म्हणाले. पाहिलं. झिरा भरलेला! पुन्हा दाबलं, पुन्हा उचललं. तिसऱ्यांदा मी म्हटलं, "साहेब, माझ्या सासूने घरजावई कसा घालवला ते सांगितलं का तुम्हाला?"

"आत्ता?"

"नणंदेचा नवरा मांडे खायला म्हणून आला. चार दिवस झाले, आठ झाले, जायचं नाव नाही. रोज सकाळी पाय पसरून विचारायचा, 'आज मांडे नाहीत का?' सासू रोज उलट्या कढईवर मांडे भाजायची. नवव्या दिवशी सासू उठली, चूल पेटवली, कढई उलटी घातली..."

आणि मी गप्प.

"मग?" साहेब म्हणाले.

"मग काही नाही. घड्याळात अजून सहा मिनिटं आहेत."

साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की नोकरी गेलीच समजा. पण हात हलला नाही! सहा मिनिटं झाल्यावर मी सांगितलं, "सासूने पिठाचा गोळा जावयाच्या हातात दिला आणि म्हणाली, 'आता घरचेच झालात, तर भाजा!' दुपारच्या गाडीने गेला."

साहेब हसले, हात काढला. खाली कोरडं ठणठणीत.

त्या दिवसापासून थिएटरचा नियम झाला. किस्सा संपेपर्यंत हात काढायचा नाही. आणि किस्सा कधी संपवायचा, ते मी ठरवणार.

* * *

एकदा इंदूरहून मोठे सर्जन आले. कॅमेऱ्याने ऑपरेशन करणारे. सोबत दोन पेट्या, एक असिस्टंट आणि स्वतःची कॉफी. मला पाहून म्हणाले, "मावशी को बाहर बैठा दो, भीड़ कम करो."

बसले बाहेर. दार उघडंच होतं, कान माझे शाबूत.

अर्ध्या तासात आतून आवाज, "सक्शन! सक्शन!" नस फाटली की सर्जन सक्शनवर, म्हणजे रक्त ओढायच्या नळीवर, ओरडतो, हे मी पाहून ठेवलंय. जसं काही तिनेच फाडली! कॅमेरा बाजूला ठेवला, पोट उघडलं, दाबलं. मग सुरू झालं. "बस, जरा देखते हैं." भरलं. पुन्हा दाबलं. "अब देखते हैं." भरलं. रेखा सिस्टर बाहेर आली, म्हणाली, "मावशी, चला. आठव्यांदा बघितलं त्यांनी."

मी हात धुऊन आत गेले. विचारलं, "साहेब, घरी भात कोण लावतं?"

"वाइफ. क्यूँ?"

"तरीच! झाकण उघडून बघायचं नसतं, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नाही."

* * *

मोठे डॉक्टर थकले, मग गेले. खुर्चीवर मुलगा आला. छोटे डॉक्टर. हात सोन्याचे, खोटं कशाला बोलू? पण त्या सोन्याच्या हाताला मुंगळे चावल्यासारखं होतं. वडील एक मिनिट थांबायचे, हे अर्धं.

एका कॉन्फरन्सहून ते एक डबी घेऊन आले. आत टाचण्या, खास धातूच्या. नस हाडावरच फाटलीय ना, मग टाचणी हाडात दाबून तिचं तोंड बंद करायचं, बोर्डावर कागद लावतात तसं. युक्ती खरी आहे, मी नाही म्हणत नाही. "मावशी, आता तुमच्या किस्स्यांना सुट्टी!" म्हणाले. डबी कपाटात ठेवली आणि कपाटाला कुलूप घातलं.

दोन वर्षांनी तो दिवस आला. "टाचण्या आणा!" कपाटाची किल्ली पँटच्या खिशात. पँट लॉकरात. लॉकरची किल्ली वहिनींच्या पर्समध्ये, आणि वहिनी रावेरला लग्नाला!

"दाबून धर, भैया," मी म्हटलं. आणि माझ्या नवऱ्याने तुकईथडच्या बाजारात विकलेली बकरी परत घरी कशी आली, ते सुरू केलं. इलेक्ट्रिशियनने लॉकर तोडलं. कपाट उघडलं. डबी मिळाली. ती निर्जंतुक करायला गेली. बकरी अजून अर्ध्या रस्त्यावरच होती. डबी आली, बकरी घरी पोचली, छोट्या डॉक्टरांनी हात काढला. रक्ताचा थेंब नाही!

त्यांनी त्या टाचण्यांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "मावशी, एक तरी लावू का?"

* * *

कधीकधी दाबूनही थांबत नाही. मग पट्टीचे लांबलचक रोल एकाला एक बांधायचे, आत गच्च भरायचे, पोट शिवायचं, आणि दोन दिवसांनी पुन्हा उघडून काढायचे. ऐकायला अडाणीपणा वाटतो, पण याने माणसं वाचलीत.

आमच्याकडे ही पट्टी गावातल्याच लूमची येते. बुऱ्हाणपुरात लूमला काय तोटा? तो लूमवाला शेठच एकदा पेशंट झाला. ऑपरेशनच्या सकाळी मला बाजूला बोलावलं. "मावशी, पट्टी किसकी यूज़ करते हो?"

"शेठ, तुमचीच की!"

शेठ पांढरे पडले. "नहीं नहीं! मेरे लिए बाहर की मँगाओ. माझी पट्टी लोकांसाठी आहे!"

मागवली बाहेरची. नस फाटली, दाबलं, किस्सा सांगितला, तरी पाझरतच होतं. भरायला घेतलं तर बाहेरची पट्टी निम्म्यात संपली. बाकीची शेठची! दोन दिवसांनी काढली, सगळं कोरडं.

शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न, "किसकी थी?"

"अर्धी बाहेरची, अर्धी तुमची."

"माझी आत तुटली नाही?"

"एक धागा नाही तुटला, शेठ."

शेठने मान वळवून मुलाला हाक मारली. "बघ! मी म्हणत होतो ना, इतका चांगला माल देऊ नको!"

* * *

फोपनारचे एक आप्पा. केळीचा मळा मोठा, भावकी त्याहून मोठी. ऑपरेशनला दोन गाड्या भरून माणसं आली. चौदा जण! व्हरांड्यात सतरंजी, डबे, पाण्याचा कॅन. यात्राच!

आत नस फाटली, आणि रक्त पाहिजे म्हणून रेखा सिस्टर बाहेर गेली. पाच मिनिटांनी परत. "मावशी, कुणी तयार नाही."

मी गेले. एक म्हणाला, "मले शुगर आहे." दुसरा म्हणाला, "मले सुई पाहून चक्कर येते." तिसऱ्याचा उपास. चौथा तर म्हणाला, "मी फक्त गाडी घेऊन आलो, भो!" बाकीचे तोवर चहाला गेले होते. चहा कुठे, तर खंडव्याला असावा, इतका वेळ!

मी गेटवर उभी राहिले आणि मोठ्याने ओरडले, "वकील आलेत! आप्पांच्या मळ्याच्या वाटणीचा कागद करताहेत! जो हजर नसेल त्याचं नाव राहून जाईल!"

कुठून कुठून उगवले! चौदाचे सतरा झाले. सगळ्यांना एका खोलीत घातलं आणि बाहेरून कडी लावली. आत वकील नव्हता, रक्तपेढीचा माणूस सुई घेऊन बसला होता.

आप्पा वाचले. चौथ्या दिवशी विचारतात, "मावशी, माह्यात रक्त कुणाचं गेलं?"

"तुमच्या भावकीचंच, आप्पा."

आप्पांनी कपाळाला हात लावला. "अरे देवा! म्हणजे आता मीही तसाच होणार?"

* * *

मग आमच्या दवाखान्याला दर्जाचा कागद मिळवायची हौस आली. नवा मॅनेजर आला, टाय घालून. त्याने थिएटरच्या भिंतीवर एक तक्ता लावला, प्लास्टिक चढवलेला. अचानक रक्तस्राव झाला तर काय करायचं, त्याच्या पायऱ्या. मी वाचला. पहिली पायरी, मदत बोलवा. मग याला कळवा, त्याला कळवा, अमुक फॉर्म, तमुक सही. नववी पायरी, दाबून धरा.

"साहेब," मी म्हटलं, "नवव्या पायरीपर्यंत पेशंट दहाव्याला पोचेल. आणि दहाव्याला पिंडदान असतं."

तपासणीला एक मॅडम आल्या. खोटं ऑपरेशन करून दाखवायचं होतं, पेशंटच्या जागी उशी. मदत बोलवा म्हटल्यावर आम्ही आठ जण एकमेकांना बोलवायला लागलो. शेवटी छोट्या डॉक्टरांनी उशी दाबली. दोन मिनिटांत मॅडम म्हणाल्या, "बहुत बढ़िया, हो गया."

"झालं नाही, मॅडम. अजून तेरा मिनिटं आहेत."

"पर ये तो तकिया है!"

"उशीजवळ थांबला नाही, तो माणसाजवळ काय थांबणार?"

तेरा मिनिटं सगळ्यांना उभं केलं. मॅनेजरचा टाय घामाने ओला. मॅडमनी शेवटी विचारलं, "ये कौन हैं? इनकी क्वालिफिकेशन?" मॅनेजरचा चेहरा पडला. माझ्याकडे कसला कागद! एका सहीने मी थिएटरच्या बाहेर गेले असते.

छोटे डॉक्टर उशीवरचा हात न काढता म्हणाले, "मॅडम, ये हमारी घड़ी हैं."

अहवाल आला. मॅडमनी लिहिलं होतं, "थिएटर में घड़ी है. चालू हालत में है."

* * *

आणि मग माझी पाळी.

तीन महिने रक्त पडत होतं आणि मी मूळव्याध समजून गप्प! दुसऱ्याच्या बुडाशी चाळीस वर्षं घालवलेली बाई, स्वतःच्या बाबतीत ठार अडाणी. छोट्या डॉक्टरांनी तपासलं, हातमोजे काढले आणि खिडकीबाहेर बघत बसले.

"बोल, भैया."

"मावशी, इंदूरला जाऊया."

"तिथे झाकण उघडून भात बघतात. मी इथेच झोपणार."

"माझा हात थरथरेल."

"थरथरला तर चालेल. उचलला तर बघ!"

पण मनात तीच धास्ती. नस फाटेलच असं नाही, पण फाटली तर? मला घरच्या माणसासारखं मानणारा पोरगा, अर्ध्या मिनिटात उचलून बघणार, मावशी जिवंत आहे का म्हणून! आठ दिवस रेखा सिस्टरला शिकवलं. मांडे सांगितले, बकरी सांगितली. ती दोन मिनिटांत संपवायची, आणि शेवटाआधी स्वतःच हसायची! मी म्हटलं, "बाई, तू किस्सा सांगतेस की बातम्या?"

बेहोशीचे डॉक्टर तर त्याहून. या साहेबांनी एवढ्या वर्षांत टेबलापाशी आकड्यांशिवाय शब्द काढला नव्हता. "नव्वद." "ऐंशी." पेशंटचा बीपी सांगायचे आणि पुन्हा गप्प.

ऑपरेशनच्या सकाळी मला आत नेलं. टेबल इतकं गार असतं, हे मला चाळीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. वर दिवा. भिंतीवर माझं घड्याळ. छोटे डॉक्टर हात धुऊन, वर धरून उभे. डोळे लाल.

मी म्हटलं, "भैया, तुझ्या वडिलांनी घड्याळ घालणं का सोडलं, ते ऐकायचंय?"

त्यांचे हात तिथेच थांबले. लहानपणापासून शंभर वेळा विचारलं होतं त्यांनी. आईलाही विचारलं, मलाही. मी कधी दाद दिली नव्हती.

"तू आठ वर्षांचा होतास," मी सुरू केलं. "भर दुपार. याच टेबलावर एक बाई होती. नस फाटली. साहेबांनी दाबून धरलं. मी किस्सा काढणार, एवढ्यात दार ढकलून एक माणूस आत आला. चपला घालून! थिएटरात! साहेबांच्या समोर उभा राहिला आणि म्हणाला, 'हात काढा.' साहेबांनी त्याच्याकडे पाहिलं, मग काढून ठेवलेल्या घड्याळाकडे पाहिलं. आणि भैया, तो माणूस दुसरा कुणी नव्हता, तो तर..."

मी मान वळवली. "साहेब, सोडा औषध."

"मावशी, पूरा तो करो!" बेहोशीवाले ओरडले. आकड्याशिवाय पहिल्यांदा!

"सोडा म्हणते ना."

पुढचं मला रेखा सिस्टरने सांगितलं. नस फाटली. फाटायचीच होती, माझी नस कुणाचं ऐकते? छोट्या डॉक्टरांनी दाबलं. अर्धं मिनिट झालं. एक झालं. बोटं चुळबुळली. आणि ते स्वतःशीच म्हणाले, "कोण असेल तो माणूस?"

रेखा म्हणाली, "त्या बाईचा नवरा असेल."

"नवरा 'हात काढा' कशाला म्हणेल? दवाखान्यातलाच कुणीतरी असेल."

"सत्तर," बेहोशीवाले म्हणाले. मग म्हणाले, "पुलिसवाला होगा."

"पोलीस चपला घालून येईल का, सर?"

"साठ. सादे कपड़ों में होगा."

रक्ताची पिशवी लागली, दुसरी लागली, भांडण चालूच. "माझे आजोबा तर नसतील?" छोटे डॉक्टर म्हणाले. दाराशी उभी असलेली झाडूवाली म्हणाली, तो कुणी भगत-मांत्रिक असेल. पंधरा मिनिटं झाली, सोळा झाली, कुणाचं घड्याळाकडे लक्षच नाही! सत्तावीस मिनिटं हात जागचा हलला नाही. धार कमी झाली, पण पाझर राहिला. मग रोल बांधले, शेठच्याच लूमचे, गच्च भरले आणि मला शिवलं. दोन दिवस मशीनवर ठेवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा उघडून पट्टी काढली. कोरडं ठणठणीत!

माझे डोळे उघडले तेव्हा दुपार होती. घशात नळी, बोलायची सोय नाही. पलंगाच्या या बाजूला रेखा, त्या बाजूला बेहोशीवाले साहेब, दाराशी झाडूवाली. छोटे डॉक्टर माझ्यावर वाकले. दोन दिवसांची दाढी. मला वाटलं, आता विचारतील, दुखतंय का.

"मावशी, तो माणूस कोण होता?"

मी हात वर केला. पाच बोटं. पुन्हा पाच. पुन्हा पाच.

छोट्या डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, स्टूल ओढलं, आणि बसले.